इतर सर्व व्यक्ती

जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना उद्देशून आहे. १८७३ सालचं पुस्तक, विषय इथल्या शूद्रातिशूद्रांचा, आणि अर्पण केलंय ते समुद्रापलीकडच्या माणसांना, कारण त्यांनी आपल्या देशातल्या काळ्या लोकांना दास्यातून सोडवलं. ही अर्पणपत्रिका मी पूर्वीही वाचली होती. या खेपेला वाचताना मात्र एक साधी शंका आली. जी गोष्ट अमेरिकेने १८६५ साली रद्द केली, ती त्याआधी तिथल्या राज्यघटनेत कोणत्या शब्दांत लिहिलेली होती?

फोनवर १७८७ ची मूळ संहिता उघडली. नंतरच्या दुरुस्त्या सोडून, फक्त मूळ मजकूर. पानात शोधायच्या चौकटीत ‘स्लेव्ह’ टाइप केलं. शून्य निकाल. ‘स्लेव्हरी’. शून्य. ‘निग्रो’. शून्य. तुम्हीही करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. अख्खी घटना साडेचार हजार शब्दांची, आपल्या घटनेपुढे चिमूटभर. तीन वर्षांनी, १७९० साली, त्या देशाची पहिली जनगणना झाली तेव्हा लोकसंख्या सुमारे ३९ लाख होती आणि त्यांतले जवळपास ७ लाख लोक गुलाम होते. शंभरातली अठरा माणसं. आणि देशाच्या पायाभूत मजकुरात त्यांच्यासाठी शब्दच नाही.

शब्द राहून गेला असं म्हणावं, तर तसं झालेलं नाही. तो टाळला गेला, आणि बराच खटाटोप करून. म्हणून ही घटना मला कायदा म्हणून न वाचता एक संपादित मजकूर म्हणून वाचायची आहे. कोणत्या मसुद्यात काय होतं, कोणी काय खोडलं, कशाच्या जागी काय आलं. सत्तेच्या तीन शाखा आणि त्यांनी एकमेकींना घातलेली वेसण हे सगळं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होऊन गेलंय. ते इथे सोडून देते.

पार्श्वभूमी थोडक्यात. स्वातंत्र्ययुद्ध जिंकलेल्या तेरा राज्यांना बांधणारा करार इतका सैल होता की मध्यवर्ती काँग्रेसला करसुद्धा लावता येत नव्हता. तिने राज्यांपुढे हात पसरायचे आणि राज्यांनी दुर्लक्ष करायचं. युद्धाचं कर्ज तसंच अंगावर. मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी उठाव केला तेव्हा मातब्बरांची झोप उडाली. मग १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसात परिषद भरली. बारा राज्यांतून मिळून ५५ जण आले. ऱ्होड आयलंडने कोणालाही पाठवलं नाही. आतलं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही असा नियम होता, म्हणून उन्हाळ्यात खिडक्या बंद आणि दाराशी पहारा. या ५५ जणांपैकी सुमारे २५ जण गुलाममालक होते. अध्यक्षाच्या खुर्चीतले वॉशिंग्टनसुद्धा.

या मजकुरात गुलामगिरी तीन जागी येते. तिन्ही जागी बुरखा घालून.

पहिली जागा अगदी सुरुवातीलाच. प्रतिनिधीगृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरणार होत्या. दक्षिणेकडच्या राज्यांना वाटत होतं की गुलामही मोजावेत. त्यांना मत द्यायचं नव्हतं, फक्त मोजायचं होतं. उत्तरेकडच्यांना ते नको होतं. तडजोड म्हणून तीन-पंचमांश हा आकडा आला. तोही नवा नव्हता, १७८३ साली कराच्या हिशोबासाठी जुन्या काँग्रेसने तोच सुचवला होता. आता ते वाक्य कसं रचलंय ते पाहा. आधी स्वतंत्र व्यक्तींची एकूण संख्या घ्यायची. ठरावीक वर्षांसाठी सेवेला बांधलेले लोक त्यातच धरायचे. कर न भरणारे इंडियन वगळायचे. आणि मग ‘इतर सर्व व्यक्तीं’चे तीन-पंचमांश मिळवायचे.

इतर म्हणजे कोण? स्वतंत्र झाले, बांधलेले झाले, इंडियन झाले. आता उरेल तो. वाचणाऱ्याने वजाबाकी करायची आणि उत्तर मनात ठेवायचं, अशी ही रचना आहे. आपल्याकडच्या फॉर्मवर शेवटची चौकट असते ना, ‘इतर’? इथे त्या चौकटीत ७ लाख माणसं बसवली आहेत.

जाता जाता एक गैरसमज. ‘घटनेने काळ्या माणसाला तीन-पंचमांश माणूस ठरवलं’ असं वाक्य सोशल मीडियावर नेहमी फिरतं. त्यामागचा राग बरोबर आहे, हिशोब चुकलाय. तो अपूर्णांक गुलामाची किंमत मोजत नव्हता, मालकाची ताकद मोजत होता. गुलाम पूर्ण एक धरला असता तर मालकांच्या राज्यांना आणखी जागा मिळाल्या असत्या. गुलामाच्या बाजूने विचार केला तर योग्य आकडा शून्य होता. याच जागांवर अध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळाचीही संख्या ठरत असे. पहिल्या ३६ वर्षांतली ३२ वर्षं अध्यक्षपद व्हर्जिनियाच्या माणसाकडे होतं, आणि देशातले सर्वांत जास्त गुलाम व्हर्जिनियातच होते. १८०० साली जेफरसन ७३ विरुद्ध ६५ मतांनी जिंकले. हा अपूर्णांक नसता तर जॉन ॲडम्स जिंकले असते, असं अनेक इतिहासकार आकडेमोड करून दाखवतात.

याच वाक्यातला एक छोटा बदल मला सगळ्यात बोलका वाटतो. तारीख १३ सप्टेंबर, परिषद संपायला चार दिवस बाकी. ‘ठरावीक वर्षांसाठी बांधलेले’ म्हणजे करारावर राबणारे गोरे मजूर. त्यांच्यासाठी मसुद्यात ‘सर्व्हिट्यूड’, म्हणजे दास्य, असा शब्द होता. व्हर्जिनियाचे रँडॉल्फ उठले आणि त्याऐवजी ‘सर्व्हिस’, म्हणजे सेवा, घालावा असं त्यांनी सुचवलं. कारण असं, की पहिल्या शब्दाने गुलामाची अवस्था कळते आणि दुसऱ्याने स्वतंत्र माणसाचं कर्तव्य. एकमताने मंजूर. म्हणजे या लोकांना शब्दांच्या छटा कळत नव्हत्या असं कोणी म्हणू नये. गोऱ्या मजुराला गुलामीचा वाससुद्धा लागू नये इतकी बारीक नजर होती.

आणि आता तिसऱ्या जागेकडे उडी मारू. चौथ्या कलमात पळून गेलेल्यांबद्दल एक तरतूद आहे. एका राज्यात ‘सेवेला किंवा श्रमाला धरून ठेवलेली व्यक्ती’ दुसऱ्या राज्यात पळाली तर तिथला कायदा तिला मुक्त करू शकणार नाही, मागणी होताच तिला परत द्यावं लागेल. सेवा! दोनच दिवसांपूर्वी जो शब्द स्वतंत्र माणसाचा म्हणून एकमताने निवडला, तोच शब्द इथे गुलामासाठी. फरक एवढाच की तिकडे माणूस ‘बांधलेला’ आहे, इथे ‘धरून ठेवलेला’. याच तरतुदीत १५ सप्टेंबरला आणखी एक खाडाखोड झाली. मसुद्यात ‘कायदेशीरपणे’ धरून ठेवलेली असं होतं. काहींना वाटलं की त्यातून गुलामगिरी नैतिकदृष्ट्याही रास्त आहे असा अर्थ निघेल. म्हणून तो शब्द काढून ‘त्या राज्याच्या कायद्यांनुसार’ असं घातलं. पळालेल्याला पकडून परत देण्यावर मात्र याचा तिळमात्र परिणाम झाला नाही.

मधली जागा गुलामांच्या व्यापाराची. १८०८ पर्यंत काँग्रेसने तो बंद करायचा नाही, अशी हमी दक्षिणेकडच्यांना हवी होती. आधी १८०० ठरलं होतं, मग आठ वर्षं वाढवून घेतली. मजकुरात लिहिलंय की राज्यांना ‘अशा व्यक्तींचं’ स्थलांतर किंवा आयात करावीशी वाटली तर त्याला मनाई नाही. त्याच वाक्यात पुढे दर व्यक्तीमागे दहा डॉलरपर्यंत जकात लावायची मुभा. व्यक्ती स्थलांतर करते आणि मालाची आयात होते. इथे एकाच नामाला दोन्ही क्रियापदं जोडली आहेत. जकात आली की कळतं यांतलं खरं कोणतं.

या कलमावर २५ ऑगस्टला जे घडलं त्याचं कोणी नाटक करायला हवं. पेनसिल्व्हेनियाचा एक प्रतिनिधी होता गूव्हर्नर मॉरिस. (गूव्हर्नर हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे.) एक पाय लाकडी, जीभ धारदार. त्या महिन्याच्या सुरुवातीलाच त्याने गुलामगिरीवर सगळ्यांदेखत आसूड ओढला होता. २५ तारखेला तो उठला आणि म्हणाला की हे आडून बोलणं पुरे, सरळ लिहा: नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया या राज्यांत गुलाम आणायला मनाई नाही. ही सवलत त्या राज्यांसाठी दिली हे जगाला कळू द्या. संपादनाच्या भाषेत सांगायचं तर त्याने कर्मणी प्रयोग मोडून कर्ता पुढे आणला.

मग काय झालं? व्हर्जिनियाचे मेसन, स्वतः मोठे गुलाममालक, म्हणाले ‘गुलाम’ शब्दाला माझी हरकत नाही, पण राज्यांची नावं नकोत, त्यांचा अपमान होईल. कनेटिकटचे शर्मन म्हणाले, नुसतं वर्णन बरं. तो शब्द जुन्या काँग्रेसनेही टाळला होता आणि काही लोकांना तो आवडत नाही. त्या राज्यांची हरकत असेल तर आग्रह धरणार नाही, असं मॉरिसने आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने सूचना मागे घेतली. वर्णन राहिलं.

पुढे सप्टेंबरात शेवटचा मसुदा नीटनेटका करायला शैली समिती नेमली, आणि लेखणी आली याच मॉरिसच्या हाती. ऑगस्टच्या मसुद्याची सुरुवात ‘आम्ही, न्यू हॅम्पशर, मॅसॅच्युसेट्स...’ अशी तेरा राज्यांची यादी वाचत होत होती. परिषदेला न आलेलं ऱ्होड आयलंडही त्यात होतं. मॉरिसने यादी उडवली आणि ‘आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक’ असं केलं. त्याला व्यावहारिक कारणही होतं. नऊ राज्यांनी मान्यता दिली की घटना लागू होणार होती, आणि ती नऊ कोणती हे आधी कसं सांगणार? पण त्या बदलाने ‘आम्ही’ला जे बळ आलं ते आजही ओसरलेलं नाही. आपल्या उद्देशिकेच्या ‘आम्ही, भारताचे लोक’मध्येही त्याचा आवाज ऐकू येतो. ज्या माणसाने हा ‘आम्ही’ घडवला, त्याच माणसाच्या हातून ‘इतर सर्व व्यक्ती’ तशाच पुढे गेल्या. ते शब्द त्याचे नव्हते, आधीच्या मसुद्यातले होते. त्याने ते राहू दिले. मॉरिसबद्दल मला जी आपुलकी आणि जो राग वाटतो, ते दोन्ही याच एका गोष्टीमुळे.

त्या काळी अशीच भाषा होती, असं म्हणून हे सोडून देता येत नाही. त्याच उन्हाळ्यात, १३ जुलैला, न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या जुन्या काँग्रेसने ओहायो नदीच्या वायव्येकडच्या प्रदेशासाठी कायदा केला. त्यात ‘स्लेव्हरी’ हा शब्द स्वच्छ लिहिलाय, कारण तिथे ती बंद करायची होती. घटनेच्या बाजूने वर्तमानपत्रांत लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतल्या ५४व्या लेखातही गुलाम हा शब्द उघडपणे येतो. तो लेख तीन-पंचमांशाचं समर्थन करतो, आणि गंमत म्हणजे ते समर्थन लेखक स्वतःच्या तोंडून करत नाही. एका काल्पनिक दाक्षिणात्य बांधवाच्या तोंडी घालतो. लेख साधारणपणे मॅडिसनचा मानतात, जो स्वतः व्हर्जिनियाचा होता. दाक्षिणात्याने दाक्षिणात्याचं सोंग घ्यायचं! परिषद अर्ध्यावर सोडून गेलेल्या मेरीलँडच्या लूथर मार्टिनने तेव्हाच जाहीरपणे सांगितलं की या लोकांना कानाला खुपणारे शब्द नको होते, त्या शब्दांनी दाखवलेली गोष्ट मात्र चालत होती. अडीचशे वर्षांत या मजकुरावर झालेली ही सर्वांत नेमकी समीक्षा असावी, आणि ती स्वतः गुलाम बाळगणाऱ्या माणसाने केली आहे.

मग शब्द का टाळला? मॅडिसनच्या टिपणांत त्याचं उदात्त उत्तर आहे. त्याच २५ ऑगस्टला आपण म्हणालो, असं तो नोंदवतो, की माणूस ही मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत येऊ देणं चूक ठरेल. शॉन विलेंट्झ यांचं ‘नो प्रॉपर्टी इन मॅन’ हे २०१८ सालचं पुस्तक याच मुद्द्यावर उभं आहे. त्यांच्या मते शब्द टाळून घटनाकारांनी गुलामगिरीला राष्ट्रीय पातळीवर मान्यता नाकारली आणि पुढच्या लढ्याला जागा ठेवली. उलट डेव्हिड वॉल्डस्ट्रायकर ‘स्लेव्हरीज कॉन्स्टिट्यूशन’मध्ये दाखवतात की शब्द नसला तरी घटनेच्या यंत्रणेत गुलामगिरी जागोजाग मुरलेली आहे.

विलेंट्झ यांचं पुस्तक मी मन लावून वाचलं, पण पटलं नाही. एक कारण टिपणांचंच. मॅडिसनची टिपणं त्याच्या मृत्यूनंतर, १८४० साली छापली गेली, आणि मेरी सारा बिल्डर यांनी ‘मॅडिसन्स हँड’ या पुस्तकात (२०१५) कागद, शाई, अक्षर तपासत दाखवलं की तो ती आयुष्यभर सुधारत राहिला. ऑगस्टच्या उत्तरार्धापासूनचा भाग तर त्याने परिषदेनंतर बऱ्याच काळाने लिहून काढला. म्हणजे ते उदात्त वाक्य नेमकं त्या भागात पडतं जिथे लेखकाला मागे वळून स्वतःकडे पाहायची सवड होती. तो ते बोललाच नाही, असं मी म्हणत नाही. पण इतक्या सोयीच्या वाक्यावर मी एवढी मोठी इमारत बांधणार नाही.

दुसरं कारण पुढच्या वाचकांचं. रिकामी ठेवलेली जागा कोणाच्याही उपयोगी पडते. ४ जुलै १८५४ ला विल्यम लॉइड गॅरिसनने मॅसॅच्युसेट्समधल्या एका सभेत घटनेची प्रत जाळली. त्याच्या मते ती गुलाममालकांशी केलेली सैतानी सोयरीक होती. त्याचाच एकेकाळचा सहकारी फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामीतून पळून आला होता, तो तोपर्यंत उलट बाजूला पोचला होता. १८५२ साली रॉचेस्टरच्या भाषणात त्याने विचारलं की गुलामगिरीसाठीच घटना केली असेल तर तिच्यात तो शब्द कुठेच का नाही? एखाद्या गावाला जमीन देण्याचं खत करावं आणि त्यात जमिनीचा उल्लेखच नसावा, असं कधी होतं का? १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांनी तोच मजकूर वाचून निकाल दिला की गुलामावरचा मालकी हक्क घटनेत स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. स्पष्ट शब्दांत! तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये लिंकनने शांतपणे दाखवून दिलं की तो शब्दच तिथे नाही. त्याआधी एकदा त्याने म्हटलं होतं की माणूस अंगावरची दुखरी गाठ कपड्याखाली लपवतो तशी घटनाकारांनी ही गोष्ट लपवली, कधीतरी कापून टाकता येईल या आशेने.

यांत मला डग्लसचं वाचन सर्वांत मोठं वाटतं. ते इतिहास म्हणून पक्कं आहे असं नाही. परिषदेतल्या दक्षिणेकडच्या माणसांना ते ऐकून हसू आलं असतं. पण ज्याला मजकुराबाहेर ठेवलं त्याने मजकुरातली फट शोधली, तिच्यात पहार घातली आणि म्हणाला, आता तुमचाच शब्द पाळा. हे श्रेय डग्लसचं आहे. ते फिलाडेल्फियाच्या बंद खोलीतल्या माणसांना परस्पर बहाल करणं, त्यांनी मुद्दामच दार किलकिलं ठेवलं होतं असं म्हणणं, हे मला पटत नाही. त्यांनी लाजेपोटी शब्द गाळला आणि सोयीपोटी गोष्ट ठेवली. त्या गोष्टीला शब्दाची गरजही पडली नाही. ‘धरून ठेवलेल्या व्यक्ती’ या तरतुदीवर १७९३ आणि १८५० साली पळालेल्यांना पकडण्याचे कायदे झाले, आणि १८६० पर्यंत ७ लाखांचे जवळपास ४० लाख झाले.

‘स्लेव्हरी’ हा शब्द अमेरिकेच्या घटनेत पहिल्यांदा आला तो १८६५ च्या १३व्या दुरुस्तीने, म्हणजे ती संपवताना. आपल्या १७व्या कलमाची इथे आठवण होते. तिथेही रद्द करायच्या गोष्टीचं नाव घेतलंय, ‘अस्पृश्यता’, आणि इंग्रजी संहितेत ते अवतरणचिन्हांत आहे. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ ला व्याख्येची मागणी झाली होती. व्याख्या दिली नाही, नाव ठेवलं. अमेरिकेच्या १३व्या दुरुस्तीची शब्दरचना बरीचशी त्या १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्यातून उचललेली होती, अगदी अपवादासकट: गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सक्तीचं दास्य चालेल. दक्षिणेकडच्या राज्यांनी पुढे कैद्यांना मळ्यांवर आणि खाणींत भाड्याने दिलं, ते या अपवादाच्या आडोशाने.

त्याच १८६५ साली ब्रुकलिनमध्ये एक छोटी पुस्तिका छापली गेली. लेखक पॉल जेनिंग्स, मॅडिसनचा गुलाम. सोळा वर्षं तो एक दिवसाआड मॅडिसनची दाढी करत होता आणि १८३६ साली मॅडिसन गेला तेव्हा तो तिथेच होता. मॅडिसनने मृत्युपत्रात आपल्या गुलामांना मुक्त केलं नाही. त्याची टिपणं, ज्यांत माणूस मालमत्ता असू शकत नाही असं लिहिलंय, ती काँग्रेसने १८३७ साली त्याच्या विधवेकडून ३०,००० डॉलरना विकत घेतली. जेनिंग्सला तिने १८४६ साली विकलं. पुढच्या वर्षी सिनेटर डॅनिएल वेब्स्टरने १२० डॉलर भरून त्याला सोडवलं, आणि ते पैसे जेनिंग्सने महिना ८ डॉलरप्रमाणे काम करून फेडले. पुस्तिकेत तो मॅडिसनबद्दल चांगलंच बोलतो. डॉली मॅडिसनबद्दलही. म्हातारपणी तिचे हाल झाले, कधी कधी घरात खायलाही नसायचं, तेव्हा आपण अधूनमधून तिला स्वतःच्या खिशातून थोडे पैसे देत होतो, असं त्याने लिहून ठेवलंय.